छेद विचारा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या मास्तरांनी मला पाचवी ते सातवी गणित शिकवलं. अपूर्णांक शिकवताना ते फळ्यावर आधी आडवी रेघ मारायचे, मग रेघेखालचा आकडा लिहायचे आणि वरचा सगळ्यात शेवटी. आम्ही मुलं उलट करायचो. "तीन पोळ्या वाढल्या म्हणतोस, पण पंगतीला माणसं किती ते सांग की!" असं ओरडून ते खडू फेकायचे. नेम चांगला होता. पुढे चौतीस वर्षं मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. मोठमोठे शब्द वापरून शिकवलं, पण मास्तरांच्या त्या पंगतीच्या फार पुढे गेलो असं आज वाटत नाही.

मंडळानं मला दिलेला विषय पत्रिकेत छापलेला आहेच: 'जागतिक विद्यापीठांतील प्रवेश – संधी आणि आव्हाने'. संधी आणि आव्हाने हे शब्द पत्रिकेत बरे दिसतात. मी विषय लहान करून घेतो. माझ्याकडे जो प्रश्न येतो, त्याच्यापुरताच बोलतो.

गेल्या वर्षी विसर्जनानंतरच्या रविवारी आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ लॅपटॉप काखेत मारून आले. सोबत मुलगी होती, बारावीतली. चहा येईपर्यंत त्यांनी एक्सेलचा तक्ता उघडला होता. चौदा ओळी, चौदा अमेरिकी विद्यापीठं. लाल ओळी 'ड्रीम', पिवळ्या 'टार्गेट', हिरव्या 'सेफ'. हे रंग आणि हे शब्द सल्लागाराने दिलेले. सल्लागाराची फी किती हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं. शेवटचा रकाना 'चान्सेस'. हार्वर्डपुढे ३.६ टक्के. आणि अगदी तळाला, ठळक अक्षरांत, 'किमान एक होकार'. त्यापुढे एक मोठा आकडा होता, त्याच्याकडे आपण मागून येऊ.

"सर," ते म्हणाले, "हे ३.६ सगळ्यांचं झालं. आमची शाळेत पहिली आहे. एसएटीला १५४० आहेत. भरतनाट्यमच्या परीक्षा झाल्यात. तर तिच्यापुरते ३.६ चे किती धरू? दहा धरू?"

मुलगी कानात इअरफोन घालून खिडकीबाहेर बघत होती.

या प्रश्नामागे आपली एक जुनी सवय आहे, ती आधी सांगितली पाहिजे. आपण कटऑफवर वाढलेली माणसं. अकरावीची यादी लागली की शेवटचा आकडा बघायचा आणि आपला त्याच्या वर की खाली एवढं पाहायचं. पवईच्या आयआयटीत कॉम्प्युटर सायन्सची खुल्या गटातली शेवटची रँक अलीकडे सत्तरच्या आत असते. तुमची रँक चाळीस असेल तर जागा तुमची, चारशे असेल तर नाही. तुम्ही वर्गमित्रांशी कसे वागता, हे तिथे कोणी विचारत नाही. धाकधूक असते ती परीक्षेच्या आधी आणि परीक्षेत. निकाल हातात आला की उरतो तो तक्ता वाचण्याचा उद्योग. ही पद्धत मोठी न्यायाची आहे असं मला म्हणायचं नाही. कोट्याला मुलं पाठवणाऱ्या घरांना तिचा हिशेब वेगळा सांगावा लागेल. पण तिच्यात 'चान्स' या शब्दाला एक आयुष्य असतं आणि ते निकालाच्या दिवशी संपतं.

अमेरिकेतल्या या मूठभर विद्यापीठांचं उलटं आहे. गुण आले, शिफारसपत्रं गेली, निबंध गेला, सगळं हाती असतं आणि तरीही उत्तर मुलाला माहीत नसतं, शाळेला नसतं आणि समिती बसेपर्यंत विद्यापीठालाही नसतं. या परिस्थितीत आमचे शेजारी कटऑफ शोधत होते. तो न सापडल्यामुळे त्यांनी टक्केवारीलाच कटऑफ समजून घेतलं होतं.

आता रेघेखालचा आकडा लिहू.

हार्वर्डमध्ये २०२० साली जी तुकडी दाखल होणार होती, तिच्यासाठी ४०,२४८ अर्ज आले आणि १,९८० जणांना प्रवेश देऊ केला गेला. दर ४.९ टक्के. पुढच्या वर्षी अर्ज ५७,४३५ आणि प्रवेश १,९६८. दर ३.४. एका वर्षात अमेरिकेतली मुलं मठ्ठ झाली नाहीत आणि हार्वर्डने वसतिगृहही पाडलं नाही. कोविडमुळे एसएटीची अट काढली एवढंच. अट गेली तसं, एरवी ज्यांनी धजावून अर्ज केला नसता अशा हजारोंनी तो केला. अंश जागच्या जागी, छेद सतरा हजारांनी फुगला. पुढे २०२४ च्या तुकडीला ५४,००८ अर्ज आणि १,९३७ प्रवेश. शेजाऱ्यांच्या तक्त्यातले ३.६ ते हेच. मग हार्वर्डने एसएटी पुन्हा सक्तीची केली, अर्ज पन्नास हजारांच्या खाली आले आणि दर चारच्या वर गेला. वर्तमानपत्रं हा दर 'हार्वर्ड आणखी अवघड' किंवा 'हार्वर्ड थोडं सोपं' अशा मथळ्याने छापतात. ज्या मुलीची तयारी पक्की आहे, तिच्यासाठी यातल्या कोणत्याही वर्षी फारसं काही बदललं नव्हतं.

हा आकडा कोणाचाच नाही, हे मी शेजाऱ्यांना सांगू पाहत होतो. सोलापूरच्या आणि महाबळेश्वरच्या तापमानाची सरासरी काढली तर ती दोन्हीकडे नसते, तसा. त्यांना पटलं नाही. "पण सर, छापलेला आकडा आहे," असं ते म्हणाले. छापलेल्याबद्दल आपल्याकडे आदर फार.

सुदैवाने हार्वर्डची कपाटं एकदा सर्वांसमोर उघडली गेली. आशियाई वंशाच्या अर्जदारांवर अन्याय होतो, असा दावा २०१४ मध्ये हार्वर्डवर दाखल झाला; ऑक्टोबर २०१८ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात तो चालला. पहिल्या न्यायालयात हार्वर्ड जिंकलं, जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं आणि प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत बंद झाली. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांत या खटल्यावर जेवताना भांडणं झालेली मी पाहिली आहेत. त्यात मी शिरत नाही. मला त्यातले कागद हवे आहेत.

त्या कागदांवरून दिसतं की एका वर्षी देशांतर्गत सव्वीस हजारांच्या आसपास अर्जदारांमध्ये शाळेत पैकीच्या पैकी असलेले आठ हजारांहून अधिक होते. एसएटीच्या गणितात पूर्ण गुण असलेले साडेतीन हजारांच्या घरात, भाषेत पूर्ण गुण असलेले सत्तावीसशेच्या घरात. आणि प्रवेश दिले जातात दोन हजार. म्हणजे 'शाळेत पहिली' हा आपल्याकडचा हुकमाचा एक्का तिथे आठ हजार जणांच्या हातात असतो. तो नसला तर बहुतेकांचा डाव संपतो, असला म्हणून सुरू होतोच असं नाही.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची. सगळे अर्जदार एका रांगेत उभे नसतात. खेळाच्या संघासाठी प्रशिक्षकाने हेरलेले, आईवडील त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असलेले, प्राध्यापकांची मुलं, आणि अधिष्ठात्यांच्या खास यादीतले (देणगीदारांचे वारस यात सापडतात) अशांची मिळून वेगळी रांग असते. अर्जदारांत ही मंडळी पाच टक्क्यांहून कमी आणि प्रवेश मिळालेल्यांत तीस टक्क्यांच्या आसपास. हेरलेल्या खेळाडूंना तर शंभरात पंच्याऐंशीहून अधिक वेळा होकार मिळतो.

हे मी त्या रविवारी वर्तमानपत्राच्या समासात करून दाखवलं. समजा पन्नास हजार अर्ज, दोन हजार प्रवेश. दर चार टक्के. आता खास रांगेतले पाच टक्के, म्हणजे अडीच हजार, बाजूला काढा. त्यांना तीस टक्के, म्हणजे सहाशे जागा. त्यांच्यात चारातल्या एकाला मिळाली. उरले साडेसत्तेचाळीस हजार आणि जागा चौदाशे. भागा. तीनही भरत नाहीत. ही आमच्या मुलीची रांग. बरं, तिच्यातही ती भारतातून अर्ज करणार. एमआयटी हे आकडे वेगळे छापते: एकूण दर साडेचारच्या आसपास आणि परदेशी अर्जदारांचा दोनच्या आसपास. कारण तिथे परदेशी मुलांचं प्रमाण वर्गाच्या साधारण दहा टक्क्यांवर धरून ठेवलेलं असतं आणि अर्ज मात्र साऱ्या जगातून येतात.

सल्लागाराने त्यांना आणखी एक कानमंत्र दिला होता: लवकरच्या फेरीत अर्ज करा, तिथे दर दुपटीहून जास्त असतो. खरं आहे. त्याच २०२४ च्या तुकडीसाठी लवकरच्या फेरीत ७,९२१ अर्ज आणि ६९२ प्रवेश, म्हणजे पावणेनऊ टक्के. पण त्या फेरीत खास रांगेतली मंडळी जास्त भरलेली असतात, हे त्याने सांगितलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या पंगतीला वरपक्ष बसतो. तिथे वाढप सढळ होतं म्हणून आपणही घुसलो, तर ताटात किती पडेल याचा अंदाज त्या सढळपणावरून करायचा नसतो.

मग उरलेल्या चौदाशे जागा कशावर ठरतात? हार्वर्डमध्ये प्रत्येक अर्जाला अभ्यास, अभ्यासाबाहेरचे उद्योग, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांसाठी १ ते ६ असे दर्जे देतात. १ सर्वांत वर. अभ्यासात १ शंभरात एकालाही मिळत नाही. ज्यांना मिळतो त्यांच्यातल्या बहुतेकांना प्रवेशही मिळतो, आणि ही मुलं परीक्षेत पहिली आलेली एवढीच नसतात. त्यांनी केलेलं काम बाहेरच्या जाणकाराने तपासून मान डोलावलेली असते. आपल्याकडे याला जवळचं उदाहरण ऑलिंपियाडचं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून ज्या मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होते, त्यांना 'माझा चान्स किती' हा प्रश्न कोणापुढे मांडावा लागत नाही. बाकी बहुतेक अर्ज अभ्यासात २ किंवा ३ वर गर्दी करून उभे राहतात आणि पुढचा निवाडा व्यक्तिमत्त्व नावाच्या वस्तूवर जातो.

ही वस्तू प्रवेशाच्या फॉर्ममध्ये शिरली कशी, याची गोष्ट मला फार दिवस सांगायची होती. जेरोम काराबेल यांच्या 'द चोझन' या २००५ सालच्या ग्रंथात ती कागदपत्रांसह आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डमध्ये प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होता. परीक्षा देऊन ज्यू मुलं येऊ लागली. बहुतेक स्थलांतरितांची, दुकानदारांची, शिंप्यांची मुलं. १९२२ पर्यंत ती वर्गाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर गेली. अध्यक्ष लॉवेल यांनी उघड कोटा सुचवला. गदारोळ झाला आणि प्राध्यापकांच्या समितीने तो फेटाळला. मग मागच्या दाराने काम झालं. फॉर्ममध्ये अर्जदाराचा वंश, धर्म, आईचं माहेरचं आडनाव, आणि जन्मानंतर स्वतःच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय, हेही विचारलं जाऊ लागलं. फोटो मागवला. १९२६ पासून वर्गाची संख्या बांधून चारित्र्य, नेतृत्व, एकूण व्यक्तिमत्त्व यांना वजन आलं, आणि ज्यू मुलांची संख्या घटली. आज कोथरूड-पार्ल्यात ज्याला 'प्रोफाइल बिल्डिंग' म्हणतात आणि ज्याचे तासाला पैसे मोजतात, त्या इमारतीचा पाया हा असा आहे. नंतर त्याच पद्धतीने पुष्कळ वंचितांना दार उघडलंही, ते नाकारत नाही. पण निकष मोजता न येणारा असला की देणाऱ्याचा हात मोकळा राहतो. तेव्हाही राहिला, आजही राहतो.

त्याच वर्षांत आपल्यातला एक मुलगा तिथे होता. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी शाळा-कॉलेजच्या पदवीशिवाय, पायपीट करून पाली शिकले आणि 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी १९१० मध्ये हार्वर्डला गेले. १९१८ मध्ये पुन्हा निघाले तेव्हा मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर बरोबर होते. दामोदर तिथल्या सरकारी शाळेत शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेऊन बाहेर पडला. पुढे इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून आपण त्यांना ओळखतो. आम्हा संख्याशास्त्रवाल्यांना ते जुनी चांदीची नाणी एकेक करून तोलणारे आणि जनुकांच्या अंतराचं सूत्र देणारे गणिती म्हणून अधिक जवळचे. ज्यू मुलांना नाव बदललं का विचारणाऱ्या काळात हा गोंयकार मुलगा तिथे वावरत होता. लॉवेलसाहेबांची खास नजर भारतीयांवर नव्हती, कारण भारतीय छेदात मोजण्याइतकेही नव्हते. आज आहेत.

पैशाचंही एक वेगळं दार आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे कमालीचं मौन असतं. हार्वर्डचा एका वर्षाचा खर्च २०२४-२५ मध्ये ८२ हजार डॉलरच्या पुढे गेला होता, म्हणजे तेव्हा सत्तर लाख रुपयांच्या घरात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट अशी थोडी नावं सोडली तर बहुतेक विद्यापीठं परदेशी मुलाने आर्थिक मदत मागितली की ती गोष्ट निवाड्यात धरतात. मदत मागणाऱ्यांची रांग वेगळी आणि बरीच लांब. मी शेजाऱ्यांना विचारलं, मदत मागणार आहात का? त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग पत्नीचा फोन आल्यासारखं करून गॅलरीत गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "मागावीच लागेल, सर. पण सल्लागार म्हणाला, ते नंतर बघू." ते नंतर बघता येत नाही. फॉर्ममध्ये तो रकाना असतो आणि परदेशी मुलाला पहिल्या दिवशीच त्यावर खूण करावी लागते. या एका खुणेने त्यांच्या तक्त्यातल्या चौदापैकी नऊ आकड्यांचा अर्थ बदलला.

आता तळाचा तो ठळक आकडा. 'किमान एक होकार: ५१ टक्के.'

हिशेब असा केला होता. प्रत्येक ठिकाणी सरासरी पाच टक्के संधी. म्हणजे नकाराची पंचाण्णव. चौदाही ठिकाणी नकार यायची शक्यता ०.९५ चा चौदावा घात, साधारण ४९ टक्के. ती शंभरातून वजा केली की ५१. अंकगणित चोख आहे. सल्लागार इंजिनियर असावा. वीस ठिकाणी फॉर्म भरले तर ६४ होतात, आणि म्हणून सहा वाढवा असा त्याचा सल्लाही होता. एका फॉर्मची फी पंचाहत्तर-ऐंशी डॉलर. त्याच्या पॅकेजात जादा फॉर्मचे दर वेगळे.

हा घात करायला एक अट लागते, ती आम्ही दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच तासाला सांगतो: घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. दादरला उभं राहून एक लोकल चुकली तर पाच मिनिटांनी दुसरी येते; पहिली चुकण्याचा दुसरीशी संबंध नाही. पण मेगाब्लॉक असला की पहिली येत नाही, दुसरी येत नाही आणि चौदावीही येत नाही. त्या दिवशी तुम्ही चौदा गाड्यांच्या भरवशावर उभे नसता, एकाच रुळाच्या भरवशावर असता. चौदा विद्यापीठांकडे जातो तो बहुतांशी एकच अर्ज. तेच गुण, तोच निबंध, तेच शिक्षक, मदतीची तीच खूण. त्यात काही उणं असेल तर ते चौदाही वाचणाऱ्यांना दिसणार. म्हणून ५१ हा आकडा वरची मर्यादा समजा, अंदाज समजू नका. खरा आकडा किती, हे मी काढू शकत नाही. मुलीचा अर्ज कसदार असेल तर चौदाव्या ठिकाणीही कसदारच. पोकळ असेल तर विसाव्या ठिकाणी भरीव होत नाही.

आणि काही रूळ आपल्या हातातलेच नसतात. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घ्यायचा प्रयत्न केला, तो न्यायालयाने रोखला. व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे बंद होत्या. एक्सेलमध्ये याला रकाना नाही.

मग संधीचा अंदाज घ्यायचाच नाही का? घ्यायचा. पण एका विद्यापीठासाठी दशांश चिन्हापर्यंत काढलेला आकडा म्हणजे मापात न बसणाऱ्या गोष्टीला माप लावणं. त्यापेक्षा दोन-तीन प्रश्न उपयोगी पडतात. तुमच्या मुलाच्या शाळेतून गेल्या पाच वर्षांत तिथे किती जणांनी अर्ज केले आणि काय झालं? अभ्यासक्रमात जे सर्वांत अवघड उपलब्ध होतं ते त्याने घेतलं होतं का? त्याच्या कामाबद्दल घराबाहेरचा, क्लासबाहेरचा एखादा जाणता माणूस चार वाक्यं बोलू शकतो का? उत्तरं बरी आली तर अर्ज गंभीरपणे वाचला जाईल, एवढं म्हणता येतं. तिथून पुढे, माझ्या मते, शंभरात पाच ते पंधरा म्हणा आणि गप्प बसा. उत्तरं बरी आली नाहीत तर शून्याच्या इतकं जवळ म्हणा की फी वाचेल.

आणि या दाराआड नक्की काय आहे, त्याचाही छेद तपासायला हवा. 'तिथून बाहेर पडलेले बघा कुठे पोचले,' असं आपण म्हणतो. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी वेगळी माणसं शोधली: ज्यांना अशा नामांकित ठिकाणी प्रवेश मिळाला होता पण जी कमी नामांकित ठिकाणी गेली, किंवा ज्यांनी तशाच ठिकाणी अर्ज केले होते. पुढच्या आयुष्यातली त्यांची सरासरी कमाई जवळपास तेवढीच निघाली. गरीब घरांतल्या मुलांना मात्र नामांकित ठिकाणाचा फायदा दिसला. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार मोठी माहिती घेऊन पाहिलं. सरासरी कमाईत फरक थोडा, पण अगदी शिखरावरच्या एका टक्क्यात पोचण्याची शक्यता वाढते, असं त्यांना दिसलं. आणि सारखेच गुण असताना अतिश्रीमंतांची मुलं मध्यमवर्गीयांच्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात अशा ठिकाणी शिकायला पोचतात, हेही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर मुलाच्या पोटापाण्याची काळजी हार्वर्डवर अवलंबून ठेवायचं कारण दिसत नाही.

त्या रविवारी दोन तास झाले. तक्त्याचा रंग उडाला होता. मुलीने इअरफोन काढून वडिलांकडून लॅपटॉप घेतला आणि काही न बोलता सहा ओळी पुसल्या. मी तिला विचारलं, निबंध कशावर लिहिला आहेस? सल्लागाराने सुचवलेला विषय होता एका गावातला पाण्याचा प्रकल्प. ती तिथे दोन दिवस जाऊन फोटो काढून आली होती. "तू स्वतःहून, कोणी न सांगता काय करतेस?" बराच वेळ ती बोलली नाही. मग घरी जाऊन एक जुनी एलआयसीची डायरी घेऊन आली. आमच्या गल्लीत अकरा बहावे होते. कोणत्या झाडाला पहिलं फूल कोणत्या तारखेला आलं, याच्या चार वर्षांच्या नोंदी. पाऊस आला तर शेजारी एक टिंब. मध्ये एक वर्ष कोरं होतं. दहावीचं. आठव्या क्रमांकाच्या झाडापुढे शेवटच्या वर्षी 'तोडलं' एवढंच लिहिलेलं. शाळेत पहिल्या आलेल्या आठ हजारांत अशी डायरी किती जणांकडे असेल, याचा अंदाज मला करता येईना, आणि करता न येणं मला आवडलं.

मार्चअखेरीस निकाल आले. हार्वर्डने नाही म्हटलं. आठपैकी पाच ठिकाणी नकार, एका ठिकाणी वेटलिस्ट, दोन ठिकाणी होकार. त्यातल्या एकाने मदतही दिली. ऑगस्टमध्ये ती गेली. डायरीमुळे मिळालं का? मला माहीत नाही, तिला नाही, आणि त्या विद्यापीठालाही बहुधा नेमकं सांगता येणार नाही. तिच्या वडिलांनी मात्र सोसायटीत सांगून टाकलं आहे की बहाव्यावर निबंध लिहिला की प्रवेश मिळतो. यंदा आमच्या गल्लीत तीन मुलं वह्या घेऊन झाडांखाली उभी दिसली.

जाता जाता एक. आमच्या चौकात त्याच सल्लागाराचा मोठा फलक लागला आहे: 'यंदा आमचे ९ विद्यार्थी आयव्ही लीगमध्ये!' नऊ मुलांचे हसरे फोटो. मी नातवाचा आजोबा म्हणून फोन केला. बाई गोड बोलल्या. मी विचारलं, आयव्ही लीगसाठी तुमच्याकडून एकूण किती मुलांनी अर्ज केले होते? पलीकडे काही क्षण शांतता. मग त्या म्हणाल्या, "काका, तो डेटा आम्ही शेअर करत नाही."

नियमित फेरीचे अर्ज १ जानेवारीच्या सुमारास बंद होतात. तुमच्या भागातल्या फलकावरही एक फोन नंबर असेल. उद्या सकाळी तो फिरवा आणि एवढंच विचारा.